गिरगावातला डीटीपीवाला आणि माझी पन्नास प्रतींची कैफियत

पहिलं प्रूफ हातात आलं तेव्हा मुखपृष्ठावर लेखकाचं नाव होतं ‘बार्तोलोमे दे लास कसारा’. लास कासास या सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश पाद्र्याला दुकानानं थेट मध्य रेल्वेत बसवून दिलं होतं. यात निम्मा दोष माझा. माझं अक्षर कोर्टातलं, ३१ वर्षं घाईघाईत जबान्यांची भाषांतरं उतरवून घडलेलं. त्यात ‘सास’ हे ‘सारा’सारखं दिसतं हे मला निवृत्तीनंतर सहा वर्षांनी कळलं. उरलेला निम्मा दोष दुकानाचा, आणि मला त्या दुकानाबद्दलच लिहायचंय.

दुकान गिरगावात आहे. चर्नी रोडला पूर्वेला उतरायचं आणि दहा मिनिटं चालायचं. चाळीच्या तळमजल्यावरचा एक गाळा आणि वर पोटमाळा. नाव देत नाही, कारण मालकांनीच हात जोडले, “बाई, नाव नका टाकू. आहेत ती कामं उरकत नाहीत.” दाराशी खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांची, जुनी लाकडी केस भिंतीला टेकून उभी आहे. जिथे एकेकाळी क-ख-ग असायचे त्या खणांत आता पेनड्राइव्ह, रबरबँड, स्टेपलरच्या पिना आणि मालकांच्या बीपीच्या गोळ्या आहेत. मालक सत्तरीचे, मूळचे जुळारी. पंधराव्या वर्षापासून छापखान्यात खिळे जुळवले, ते बंद झाल्यावर कॉम्प्युटर घेतला. प्रूफ अजूनही उलटं धरून तपासतात. सरळ धरलं की लक्ष अर्थाकडे जातं, उलटं धरलं की अक्षराकडे, असं त्यांचं म्हणणं. मी घरी करून पाहिलं. अर्ध्या पानात गरगरायला लागलं.

काम काय होतं ते सांगते. निवृत्त झाल्यावर स्पॅनिश शिकले. का, ते विचारू नका. आमच्या घरात अजून कुणाला कळलेलं नाही. त्या नादात लास कासासचं छोटं पुस्तक मराठीत केलं. मूळ स्पॅनिश समोर, अडलं तर शेजारी इंग्रजी भाषांतर, आणि खाली फुलस्केपची वही. अमेरिकेतल्या बेटांवर आणि मुख्य भूमीवर स्पॅनिश लोकांनी तिथल्या माणसांची कशी कत्तल केली, त्यांना कसं राबवून मारलं, याचा प्रांतवार अहवाल त्यानं १५४२ मध्ये राजासाठी लिहिला आणि १५५२ मध्ये सेव्हिलला छापला. मूळ नावात ‘रेलासिओन’ असा शब्द आहे. त्याला हकिगत म्हणता आलं असतं, वृत्तांत म्हणता आलं असतं. मी कोर्टातली बाई, मी ‘कैफियत’ घेतला. आमच्याकडे दाव्याला उत्तर द्यायला पक्षकार जी लेखी बाजू दाखल करतो ती कैफियत. इथे ज्यांची बाजू आहे त्यांना लिहिता येत नव्हतं, निदान राजाच्या भाषेत तरी नाही, म्हणून दुसऱ्यानं दाखल केली. या ‘दुसऱ्यानं’वरून दुकानात बरंच रामायण झालं, ते पुढे येईलच.

दर असे. मराठी टायपिंग आणि मांडणी, डेमी आकार, पानाला ५० रुपये, त्यात दोन प्रुफं. तिसरं प्रूफ हवं असेल तर जेवढी पानं पुन्हा काढाल तेवढी, पानाला १० रुपये. पन्नास प्रती डिजिटल छपाईच्या, ७० जीएसएम नॅचरल शेड कागद, मॅट लॅमिनेशनचं कव्हर, परफेक्ट बाइंडिंग, प्रतीला १७० रुपये. माझी १४४ पानं झाली. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे नऊ फर्मे बरोबर, मालक यावरच खूश. डिजिटलला फर्म्याचा हिशेब लागत नाही, पण सवय जात नाही. टायपिंगचे ७,२००, तिसऱ्या प्रुफाच्या चाळीस पानांचे ४००, छपाईचे ८,५००. एकूण १६,१००. पावती मिळते, पण मागावी लागते.

दादरला याहून स्वस्त मिळतं. मी आधी तिथे एका ठिकाणी गेले होते, नमुन्यादाखल दहा पानं टाइप करून घेतली. तिसऱ्या दिवशी फाइल मोबाइलवर. चुका फारशा नव्हत्या. पण एका पानावर माझ्याकडून एक अख्खी ओळ दोनदा लिहिली गेली होती, आणि त्यांनी ती इमानेइतबारे दोनदा टाइप केली होती. माणूस जिवंत जाळल्याची ओळ होती ती. वाचणाऱ्याच्या लक्षात आली नसती असं होणारच नाही. गिरगावचं दुकान महाग आहे, वेळेच्या बाबतीत बेभरवशाचं आहे, पण तिथे मजकूर वाचून टाइप करतात. माझा पैसा त्यासाठी गेला आणि मला त्याचं दुःख नाही.

वाचणारी मालकांची ऑपरेटर. सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, नालासोपाऱ्याहून येते, गाव तलासरीकडे. वारली. पहिल्या आठवड्यात ती माझ्याशी ‘मॅडम, हे अक्षर काय आहे’ यापलीकडे बोलली नाही. नंतर पहिल्या प्रुफाचा गठ्ठा आला, त्यात एका शब्दाला प्रत्येक ठिकाणी पिवळं केलेलं होतं आणि समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘वेठ?’

शब्द होता एन्कोमिएन्दा. मी त्यावर सहा महिने घालवले होते. राजा एखाद्या स्पॅनिश वसाहतवाल्याला अमुक गावातली माणसं ‘सोपवायचा’. कागदोपत्री जमीन द्यायची नाही, माणसं द्यायची. त्यांनी त्याच्यासाठी नदीत सोनं धुवायचं, शेती करायची, भरणा द्यायचा. त्यानं बदल्यात त्यांना सांभाळायचं आणि ख्रिस्ती धर्म शिकवायचा. मी जहागीर लिहून पाहिलं, इनाम लिहून पाहिलं, वतन लिहून पाहिलं. सगळ्यांत जमिनीचा आणि महसुलाचा वास. शेवटी वैतागून स्पॅनिश शब्दच ठेवला आणि खाली टीप दिली. तिला विचारलं, वेठ का गं? म्हणाली, “मॅडम, माझ्या आज्याच्या बापानं लग्नाला सावकाराकडून पैसे घेतले. मग नवरा-बायको दोघं त्याच्याकडे जन्मभर. लग्नगडी म्हणत. तुमच्या पुस्तकात लग्न नाही, बाकी तेच आहे.”

पूर्ण तेच नाही, हे मी तिला सांगितलं. लग्नगड्याच्या मानेवर कर्ज असायचं, इथे कर्जाचीही गरज नव्हती, राजाचा कागद पुरत होता. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण मग टीप कोण वाचणार?” तलासरी-डहाणूकडच्या वारल्यांनी १९४५ मध्ये परुळेकर पतिपत्नींबरोबर वेठीविरुद्ध उठाव केला, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तिला ते घरातून ठाऊक होतं. आता माझ्या छापील प्रतीत पहिल्या वेळी ‘एन्कोमिएन्दा, म्हणजे सोपवणुकीची वेठ’ असं आहे आणि पुढे सगळीकडे नुसतं ‘सोपवणूक’. टीप गेली. पानाला ५० रुपयांत हे कुठे मिळतं?

स्वतः लास कासासकडेही अशी सोपवलेली माणसं होती, हे पुष्कळांना माहीत नसतं. १५०२ मध्ये तो कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावर गेला, बाकीच्यांसारखाच कमवायला. १५११ च्या डिसेंबरात त्याच बेटावरच्या सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये आंतोनिओ दे मोंतेसिनोस नावाच्या, डॉमिनिकन या ख्रिस्ती संघातल्या पाद्र्यानं भर प्रवचनात समोर बसलेल्या बड्या लोकांना विचारलं, ही माणसं नाहीत का? त्या प्रवचनानं मोठी खळबळ उडाली, पण लास कासासची वेठ चालूच राहिली. तो बदलला १५१४ मध्ये, क्युबात. तेव्हा तो धर्मगुरू झालेला होता आणि प्रवचनाची तयारी करताना बायबलमधल्या सिराखच्या ग्रंथातल्या ओळी त्याच्यासमोर आल्या. गरिबाच्या तोंडची भाकर काढून घेणारा त्याचा जीव घेतो, अशा अर्थाच्या. त्यानं आपली माणसं सोडून दिली आणि पुढली पन्नासेक वर्षं याच कामात घालवली. १५२२ मध्ये डॉमिनिकन संघात गेला, १५६६ मध्ये माद्रिदला वारला. मधल्या काळात राजापुढे अर्ज, स्मरणपत्रं, पुन्हा अर्ज. अर्जांच्या बाबतीत आमच्या कोर्टातल्या काही जुन्या पक्षकारांची आठवण होते.

आता दुकानाच्या तक्रारी.

फॉन्टचा घोळ. माझ्या मजकुराचा निम्मा भाग वहीत होता, निम्मा मी मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिला होता. मालक जुन्या श्रीलिपी फॉन्टचे. दोन्ही एकत्र केल्यावर ‘दुसऱ्या’ सगळीकडे ‘दुसर्या’ झालं, आणि ऱ्हस्व वेलांट्या आपल्या अक्षराला सोडून शेजारच्याच्या गळ्यात पडल्या. पहिल्या प्रुफात मी ६३ ठिकाणी लाल केलं आणि मग मोजणं सोडलं. तुमचं काम असेल तर सगळं एकाच पद्धतीत द्या, आणि आधी विचारून घ्या.

दुसरी तक्रार मोठी. मूळ पुस्तकात तिथल्या लोकांना ‘इंडियन’ म्हटलंय. कोलंबसची चूक, पाचशे वर्षं आपल्या कपाळी. मराठीत ‘इंडियन’ वाचलं की वाचणाऱ्याला आपणच आठवतो, म्हणून मी फोनवर मालकांना म्हटलं, सगळीकडे ‘आदिवासी’ करता येईल का? मला ‘करून बघू या का’ असं म्हणायचं होतं. मालकांनी फाइंड-रिप्लेस मारलं. माझ्या प्रस्तावनेत वसईच्या किल्ल्यातल्या डॉमिनिकन चर्चच्या भग्न भिंतींबद्दल आणि खोताच्या वाडीतल्या शेजाऱ्यांबद्दल एक परिच्छेद आहे. दुसऱ्या प्रुफात तिथे ‘ईस्ट आदिवासी समाज’ अवतरला. मी ते माझ्या खोताच्या वाडीतल्या मैत्रिणीला दाखवलं. ती हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी. मग म्हणाली, “राहू दे गं तसंच. मुंबईत आमच्या आधी कोण होतं सांग.” कोळी होते, असं मी म्हणायला गेले, पण तिनं मला लोणच्याची बाटली दिली आणि मी गप्प बसले.

शेवटी ‘आदिवासी’ही राहिलं नाही. ऑपरेटरनंच सुचवलं की बहुतेक ठिकाणी ‘तिथली माणसं’ चालतंय. चालतं. मोंतेसिनोसचा प्रश्न आठवला तर जरा जास्तच चालतं. ती चाळीस पानं पुन्हा काढावी लागली, तेच तिसऱ्या प्रुफाचे ४०० रुपये. फाइंड-रिप्लेसची चूक मालकांची, पैसे मी का द्यायचे, यावर आमचं पाऊण तास झालं. मी हरले. मालकांचा मुद्दा असा की फोनवरच्या करेक्शनची जबाबदारी गिऱ्हाइकाची. भिंतीवर तशी पाटी आहे, पंख्याच्या मागे.

वेळेचं काय सांगावं. पाच आठवडे कबूल केले होते, आठ लागले. मी चिडून गेले त्या दिवशी मालक माझीच प्रस्तावना वाचत बसले होते, या वेळी सरळ धरून. त्यात लास कासासच्या दुसऱ्या मोठ्या ग्रंथाबद्दल, त्याच्या इंडीजच्या, म्हणजे स्पॅनिश अमेरिकेच्या, इतिहासाबद्दल आहे. तो त्यानं १५५९ मध्ये स्पेनमधल्या वायादोलिदच्या मठाकडे ठेवायला दिला आणि चाळीस वर्षं छापू नका म्हणून बजावलं. छापून आला १८७५ मध्ये. मालकांनी चष्मा वर केला. “बाई, तुमच्या पाद्र्याचं पुस्तक ३१६ वर्षं लटकलं. तुम्हाला तीन आठवडे जड झाले?” यावर काय बोलणार?

त्यांना एकूणच छपाईच्या बाजूचं सगळं फार आवडलं. १५५०-५१ मध्ये वायादोलिदला राजानं विद्वानांची सभा बोलावली. प्रश्न असा की या लोकांवर आधी युद्ध करून, मग धर्म शिकवणं न्याय्य आहे का. एका बाजूला हुआन हिनेस दे सेपुल्वेदा, ॲरिस्टॉटलचा मोठा जाणकार. काही माणसं जन्मतःच गुलाम असतात, या मताचा आधार घेणारा. तो तीन तास बोलला. लास कासास पाच दिवस वाचत होता. (“पाच दिवस! प्रूफ कुणी तपासलं?” इति मालक.) सभेचा स्पष्ट निकाल असा लागलाच नाही. पण सेपुल्वेदानं आपलं पुस्तक छापायची परवानगी मागितली होती, ती त्याला मिळाली नाही. लास कासासनं दोन वर्षांनी सेव्हिलला आपली पुस्तकं परवान्याविनाच छापून टाकली. मालकांनी मांडीवर थाप मारली. “म्हणजे ज्यानं विचारलं त्याचं अडलं, ज्यानं विचारलं नाही त्याचं निघालं. आमच्या लायनीत अजून तेच आहे.” पुस्तकाच्या सुरुवातीला असंही म्हटलंय की राजपुत्र फिलिपला वाचायला सोपं जावं म्हणून हे ठशात उतरवलं. ही ओळ मालकांनी मला ठळक करायला लावली. केली.

कोर्टाच्या माणसाला या पुस्तकातली सर्वांत झोंबणारी जागा वेगळी आहे. १५१३ पासून स्पॅनिश सैन्याबरोबर एक कागद असायचा, रेकेरिमिएन्तो. त्यात जगाची निर्मिती, पोप, पोपनं स्पेनच्या राजांना दिलेला मुलूख, हे सगळं सांगून शेवटी बजावलेलं, की हे मान्य करा, नाहीतर तुमच्यावर युद्ध करू, तुम्हाला, बायकापोरांना गुलाम करू, आणि जे होईल त्याचा दोष तुमचा. हे वाचून दाखवायचं आणि लेखनिकाकडून वाचल्याचा दाखला घ्यायचा. भाषा स्पॅनिश. लास कासास लिहितो की रात्री गावापासून अर्ध्या कोसावर थांबून, आपापसातच हे वाचायचे आणि पहाटे गावावर तुटून पडायचे. मी माझ्या नोकरीत ‘घराला कुलूप असल्याने दरवाजावर समन्स चिकटवले’ असे बेलिफचे शेरे शेकड्यांनी वाचले. त्यातले काही कसे लिहिले जातात तेही मला ठाऊक आहे. पण निदान दरवाजा तरी असायचा. आणि दुभाषी? नुसता एक दुभाषी मागितला असता तरी तो सगळा कागद तिथेच कोसळला असता. हे ऐकावं तर हसावं की रडावं कळत नाही, असं लास कासासनंच आपल्या इतिहासात लिहिलंय. या पानावर ऑपरेटरचं एकही पिवळं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, “हे समजलं.”

तिचं भांडण दुसऱ्याच जागेवरून झालं, आणि त्यात मला ती बरोबर वाटते. लास कासास सुरुवातीलाच सांगतो की ही माणसं अतिशय साधी, सोशिक, निष्कपट, मनात वैर न धरणारी. जणू गरीब मेंढरं, आणि स्पॅनिश लोक त्यांच्यात शिरलेले उपाशी लांडगे-वाघ-सिंह. तिनं समासात लिहिलं, ‘अशी माणसं कुठं असतात?’ मी म्हटलं, अगं, तो राजाला पटवतोय, वकील आपल्या अशिलाला असाच उभा करतो. ती म्हणाली, “भांडणारा असता तर मारायला हरकत नव्हती का मग?” मी तिला हातुएचं पान काढून दाखवलं. हिस्पॅनिओलाहून क्युबात निसटलेला कुळप्रमुख, झुंजला, पकडला, खांबाला बांधला. जाळण्याआधी एक पाद्री त्याला सांगतोय की ख्रिस्ती झालास तर स्वर्गात जाशील. हातुए विचारतो, ख्रिस्ती लोक तिथे असतात का? चांगले असतात, असं उत्तर मिळतं. मग मला नरकच बरा. “हा बघ,” ती म्हणाली, “हा मेंढरू आहे का?” आणि बाहेर चहा सांगायला गेली.

त्या दिवशी तिनं आणखी एक विचारलं, जे माझ्या प्रस्तावनेत नव्हतं. “याला कुणी सांगितलं होतं का, आमच्या वतीनं बोल म्हणून?” मी घरी जाऊन पुन्हा पुस्तकं काढली. होतं, एका प्रकरणात तरी. पेरूतले वसाहतवाले राजाला भरमसाट पैसे देऊन वेठ वंशपरंपरागत करून मागत होते. तेव्हा १५५९ मध्ये तिथल्या कुळप्रमुखांनी लास कासासला आणि दोमिंगो दे सांतो तोमास या दुसऱ्या डॉमिनिकनाला आपल्या वतीनं बोलण्याचा अधिकार लिहून दिला. म्हणजे चक्क मुखत्यारपत्र. त्या जोरावर दोघांनी राजाकडे अर्ज केला, की वसाहतवाले देतील त्याच्यावर आम्ही एक लाख दुकात (त्या काळचं नाणं) जास्त देतो, पण आम्हाला विकू नका. हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो फक्त कोर्टातल्या लोकांना कळेल. शेवटी फायलीत वकालतनामा सापडला!

पण त्याच शोधात दुसरीही गोष्ट पुन्हा समोर आली, जी मी प्रस्तावनेतून हळूच गाळली होती. तिथल्या माणसांची वेठ थांबावी म्हणून १५१६ च्या सुमारास त्यानं आफ्रिकेतून गुलाम आणायचा उपाय सुचवला होता. पुढे त्याला त्याचा मनापासून पश्चात्ताप झाला, तेही इतकंच अन्यायाचं आहे हे त्यानं आपल्या इतिहासात कबूल केलं. पण सुचवलं होतं. आता मी हे घातलं. दोन परिच्छेद वाढले, एक पान सरकलं, मालकांचे नऊ फर्मे धोक्यात आले. ऑपरेटरनं ओळींमधलं अंतर दोन पानांत जरासं आवळून ते बसवलं. तुम्ही पान ११ आणि १२ शेजारी धरून पाहिलंत तरच कळेल.

छपाईबद्दल थोडक्यात. कागद उत्तम, शाई एकसारखी, टाइप वाचायला मोठा. साठी ओलांडलेल्यांना चष्मा कपाळावर न चढवता वाचता येतं. बाइंडिंगवर मात्र लक्ष ठेवा. पहिल्या गठ्ठ्यातल्या दहा प्रती उघडताच पाठीशी कटकन वाजल्या आणि मधलं पान हातात आलं. मालकांनी कुरकुर न करता बदलून दिल्या, नवीन कव्हरांसकट. लॅमिनेशनचा मुलगा उत्साही आहे. त्यानं मला न विचारता इंटरनेटवरून एक जुनं चित्र कव्हरवर टाकलं होतं, माणसं जाळतानाचं. फ्रँकफुर्टला १५९८ मध्ये निघालेल्या लॅटिन आवृत्तीतली ती चित्रं, द ब्री या खोदचित्रकाराच्या कारखान्यातली. द ब्री अटलांटिक ओलांडून कधी गेला नव्हता. स्पेनच्या शत्रूंनी हे पुस्तक आणि ही चित्रं हौसेनं फिरवली. इंग्रजांनी तर १६५६ मध्ये, स्पेनशी युद्ध चालू असताना, नवं भाषांतर काढलं. दुसऱ्याच्या अंगणातलं रक्त छापायला इंग्रजांना वेळ बरा मिळाला; स्वतःच्या अंगणाची कैफियत त्यांनी कुणाकडे मागितली नाही. चित्र काढून टाकलं. कव्हर आता साधं मातकट आहे, वर फक्त नावं. मुलगा दोन दिवस नाराज होता.

आकड्यांबाबतही एक सूचना. लास कासास म्हणतो, चाळीस वर्षांत बारा दशलक्षांहून जास्त माणसं मारली गेली, खरं तर पंधरा असावीत. मी ‘एक कोटी वीस लाख’ केलं. प्रुफात ‘एक कोटी वीस’ आलं, म्हणजे एकाच फटक्यात जवळजवळ वीस लाख माणसं वाचली. त्याच्या आकड्यांवर इतिहासकार तसेही विसंबत नाहीत, पण ती चूक त्याची, त्यात दुकानाची कशाला? आकडे स्वतः तपासा, एकदा नाही, दोनदा.

आणखी एक, जे मला टाइप झालेलं बघेपर्यंत जाणवलं नव्हतं. या अख्ख्या पुस्तकात स्पॅनिश सरदारांची नावं जवळजवळ नाहीतच. ‘हा जुलमी’, ‘तो दुसरा जुलमी’, एवढंच. आमच्या एफआयआरमधल्या ‘अज्ञात इसमा’सारखं. ऑपरेटरला वाटलं मी नावं गाळली, तिनं रिकाम्या जागा सोडून ठेवल्या होत्या, प्रत्येकी तीन-चार अक्षरांच्या. त्या तशाच राहिल्या असत्या तर मला आवडलं असतं. मालकांनी बंद केल्या. जागा सोडली की पान विस्कटतं म्हणाले.

कुणी जावं? लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, परीक्षेच्या नोट्स असतील तर जाऊ नका, तिथे त्यांना त्यात रस नाही आणि तो चेहऱ्यावर दिसतो. वडिलांच्या आठवणी, प्रबंध, भाषांतर, कवितासंग्रह असलं काही असेल आणि हाताशी दोन महिने असतील तर जा. ऑपरेटरला कच्च्या मजकुराबद्दल विचारलं तर ती सांगते. विचारलं नाही तर पेन्सिलीनं लिहिते. पेन्सिलीचं लिहिलेलं खोडून टाकू नका. पैसे निम्मे आधी, निम्मे प्रती नेताना, रोख किंवा यूपीआय. दुपारी दीड ते अडीच मालक पोटमाळ्यावर झोपतात, तेव्हा हाक मारू नका. शनिवारी अर्धा दिवस. पावसाळ्यात गल्लीत पाणी भरतं, हस्तलिखित प्लॅस्टिकच्या पिशवीत न्या. आणि वहीत लिहिणार असाल तर ‘स’ नि ‘र’ नीट काढा.